कार्तिक २१ची चिठ्ठी : अमळनेर ते पोखरा, घरच्या गाडीने

नेपाळमधलं बुटवल सोडलं की सपाट तराई संपते आणि रस्ता तिनाऊ नदीच्या घळीत शिरतो. डोंगर अंगावर आल्यासारखा वाटतो. दाजींनी काच खाली करून थंड हवा घेतली आणि समोर नाक्यावर पोलिसाने हात केला. नेपाळमध्ये खासगी गाड्यांच्या पाट्या लाल असतात, त्यात आमची पांढरी एमएच पाटी लांबूनच ओळखू येत होती.

"भन्सारको कागज?"

म्हणजे गाडीचा कस्टमचा कागद. दाजींनी ऐटीत डॅशबोर्डमधली चिठ्ठी काढून दिली. त्याने ती वाचली, उलटून पाहिली, परत वाचली आणि म्हणाला, "म्याद सकियो." मुदत संपली. एकालाही नेपाळी येत नव्हतं, पण हे सगळ्यांना कळलं. मागच्या सीटवरून चुलतभाऊ हळूच म्हणाला, "आते काय?"

आता पहिल्यापासून सांगतो.

भाऊबीजेला ताई-दाजी अमळनेरला आले होते. जेवणं झाल्यावर विषय निघाला की नेपाळला व्हिसा लागत नाही, गाडी घेऊन जाता येतं. दाजींची गाडी नवी, मामा निवृत्त, चुलतभावाच्या चोपड्याकडच्या केळीच्या बागेला पंधरा दिवस तरी त्याची गरज नव्हती आणि मला रजा होती. ४ नोव्हेंबर २०२४ला पहाटे चारला निघालो. बेटावद, नरडाणा, शिरपूर, मग बिजासन घाटात देवीला नारळ. इंदूर, गुणा, शिवपुरी करत रात्री उशिरा झाशी. दुसऱ्या दिवशी कानपूर, लखनौ, गोरखपूर. सीमेवरच्या सोनौलीपर्यंत साधारण साडेचौदाशे किलोमीटर होतात. दोन चालक असतील तर दोन दिवस पुरतात, एकच असेल तर तिसरा दिवस धरा. ताईने दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी गोरखपूरपर्यंत आली, बिबडे पोखऱ्यापर्यंत.

६ तारखेला सकाळी सोनौलीला पोचलो तर ट्रकांची रांग लांबच लांब. त्यात छठचे दिवस, म्हणजे उत्तर प्रदेश आणि तराई दोन्हीकडे गर्दी. कमानीच्या अलीकडे फाइल बगलेत धरलेला एक माणूस खिडकीशी आला. गाडीचे कागद द्या, उतरायची गरज नाही, अर्ध्या तासात करून देतो, म्हणाला. आम्ही दिले. अर्ध्या तासाच्या आत तो चिठ्ठी घेऊन आला, पैसे घेतले आणि पुढच्या गाडीकडे गेला. आम्ही खूश. पलीकडे बेलहिया, तिथून चार किलोमीटरवर भैरहवा.

त्या चिठ्ठीवर 'सुविधा' असा शब्द होता. आम्हाला वाटलं, बरं झालं, काहीतरी सोय करून दिली. प्रत्यक्षात सीमेलगतच्या बाजारात जाऊन त्याच दिवशी परत येणाऱ्या गाडीला जो एका दिवसाचा कागद मिळतो, त्याला तिथे सुविधा म्हणतात. पोखऱ्याला जायचं तर भन्सार लागतो. ते वेगळं प्रकरण आहे.

आणि गंमत अशी की चिठ्ठी देवनागरीत होती. नेपाळीची लिपी आपलीच, अंक आपलेच. चौघांपैकी कोणीही वाचू शकला असता. मामांनी तर तीस वर्षं तलाठी म्हणून काढलेली. उताऱ्यावरचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर माणसाला तीन चकरा मारायला लावणारा माणूस! त्यांनी चिठ्ठी हातात घेतली, २०८१ साल पाहिलं, "हे लोक आपल्यापुढे छप्पन-सत्तावन्न वर्षं आहेत" असं म्हणून हसले आणि परत दिली.

नेपाळचा सरकारी कारभार विक्रम संवतावर चालतो, महिने सौर. त्यांचा कार्तिक ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतो. ६ नोव्हेंबरला आपल्याकडे कार्तिक शुद्ध पंचमी होती, त्यांच्या कागदावर कार्तिक २१. आपल्या पंचांगाच्या सवयीने तो आकडा पाहून काहीच बोध होत नाही. 'कार्तिक २१ देखि कार्तिक २१ सम्म', म्हणजे २१पासून २१पर्यंत, असं लिहिलेलं होतं. दोन्हीकडे एकच तारीख. एवढं दिसायला पंचांग कशाला लागतं? पण पाहिलंच नाही.

त्या दिवशी लुंबिनीला गेलो. मायादेवी मंदिर पाहिलं, अशोकाचा स्तंभ पाहिला. त्यावरच्या ब्राह्मी लेखात लिहिलंय की राजा इथे स्वतः आला आणि बुद्धाचं जन्मगाव म्हणून लुंबिनीचा कर माफ केला, पिकाचा वाटा आठव्या हिश्शावर आणला. महसूल खात्यातला माणूस असल्याने मामा तिथे बराच वेळ उभे होते. मुक्काम तिथेच केला. वाटेत कोणी अडवलं नाही, त्यामुळे चिठ्ठी बरोबर आहे यावर आमचा विश्वास आणखी पक्का झाला. न अडवणं आणि परवाना असणं यात फरक आहे, हे ७ तारखेला कळलं.

नाक्यावरच्या चौकीत मामांनी ती चिठ्ठी पहिल्यांदा नीट वाचली. बोट ठेवून, एकेक शब्द. मग चष्मा काढून म्हणाले, "बरोबर आहे त्याचं. आज २२ आहे."

दाजी चिडले. "मामा, तुम्ही तरी वाचायचं ना!"

"जावईबापू, गाडी तुमची, कागद तुमचा."

हवालदाराने आवाज चढवला नाही, हे सांगायला हवं. मोडक्या हिंदीत त्याने जे समजावलं ते मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही भारतीय आहात, तुम्हाला व्हिसा लागत नाही, तुम्ही आज पायी पोखऱ्याला जा, कोणी विचारणार नाही. पण गाडी हा माल आहे. भन्सार म्हणजे जकात, कस्टम. नेपाळमध्ये बाहेरच्या गाडीवर कर जबर असतो, त्यामुळे तुमची गाडी इथे राहून विकली जाणार नाही, ठरल्या दिवसांत परत जाईल, याची नोंद त्यांना हवी असते. बिनभन्सार गाडी सापडली तर दंड होतो, जप्तीही होऊ शकते. सीमेवर परत जा आणि स्वतः खिडकीवर उभे राहा, म्हणाला.

पंचवीस-तीस किलोमीटर मागे. छठची सुट्टी, रस्त्यावर डोक्यावर टोपल्या आणि खांद्यावर ऊस घेतलेली माणसं, केळीचे अख्खे घड. एवढ्या टेन्शनमध्येही चुलतभावाने गाडी थांबवायला लावून एका घडाचा भाव विचारला आणि ऐकून गप्प बसला. आपल्याकडे व्यापारी काय देतो आणि इथे काय घेतात, याचा हिशोब तो परत येईपर्यंत करत होता.

बेलहियाला दुपार गेली. दंड भरला, नवा भन्सार काढला. आकडा सांगत नाही, दाजींना ते आवडणार नाही. एवढंच सांगतो की पोखऱ्यातल्या आमच्या सगळ्या रात्रींच्या खोल्या त्यात झाल्या असत्या.

तुम्ही जाणार असाल तर गोष्ट अवघड नाही. गाडी बाजूला लावा आणि भन्सारच्या खिडकीवर स्वतः जा. मूळ आरसी, लायसन्स, ओळखपत्र आणि सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स जवळ ठेवा, विमा आणि पीयूसीच्याही. आरसी ज्याच्या नावावर तो माणूस गाडीत असेल तर उत्तम. भावाची किंवा वडिलांची गाडी असेल तर त्यांच्या सहीचं संमतिपत्र न्या. किती दिवस, कुठे जाणार, कुठल्या सीमेने बाहेर पडणार हे विचारतात. शुल्क दिवसावर असतं, दुचाकीला कमी, चारचाकीला जास्त, आणि आत शिरल्याचा व बाहेर पडण्याचा दिवसही मोजतात. एक-दोन दिवस वाढवूनच घ्या. डोंगरात दरड आली तर मुदत तुमच्यासाठी थांबत नाही. भन्सार झाला की यातायातची म्हणजे वाहतूक परवान्याची नोंद वेगळी असते, तीही तिथेच विचारून घ्या. आणि कागद हातात पडला की गाडीचा नंबर, तारीख 'देखि' आणि तारीख 'सम्म' या तीन गोष्टी तिथेच उभ्याने वाचा. 'हाम्रो पात्रो' नावाचं त्यांचं कॅलेंडरचं ॲप घरूनच मोबाईलवर टाकून घ्या, त्यात इंग्रजी तारीख शेजारीच दिसते.

माणसांच्या कागदांचंही सांगतो. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. आधार फक्त १५ वर्षांखालच्या आणि ६५ वर्षांवरच्यांना चालतं. मामा ६७चे, त्यांचं भागलं. चुलतभाऊ आधारच घेऊन निघाला होता, शिरपूर यायच्या आत आठवलं म्हणून परत फिरलो, त्यात दोन तास गेले.

विम्याचं मात्र कोणीच सांगत नाही. आपली साधी पॉलिसी भारतापुरती असते. नेपाळसाठी विमा कंपनीकडून हद्द वाढवून घ्यावी लागते, जास्तीचा हप्ता भरून. निघायच्या आठवडाभर आधी एजंटला विचारा. आम्ही ते केलं नव्हतं. पोखऱ्यापर्यंतच्या १८० किलोमीटरमध्ये वळणावर बस समोर आली की दाजी तेवढंच बोलत होते.

रोखीत शंभरच्या नोटा बऱ्याच ठेवा, २०२४मध्ये तिथे शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांना बंदी होती. आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ होतात, हा दर ठरलेला आहे, घासाघीस करू नका. घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा.

रस्ता बुटवल-पाल्पा-पोखरा असाच धरला. मुगलिंगकडून जाणारा रस्ता मोठा, पण त्या वेळी बुटवल-नारायणगढ भागात रुंदीकरणाचं काम चालू होतं आणि त्या धुळीबद्दल ऐकूनच नको वाटलं. आमच्या रस्त्यावर सिद्धबाबा मंदिराजवळ वरून दगड येतात. पावसाळ्यात तिथून जाऊ नका, आणि कोरड्या दिवसांतही तिथे फोटोसाठी थांबू नका. अंधारात घाट नको म्हणून ७ची रात्र बुटवललाच काढली.

८ला सकाळी तोच नाका, तोच हवालदार. या वेळी मामाच खिडकीतून कागद पुढे धरून बसलेले. "कार्तिक २३," ते म्हणाले, त्याने विचारायच्या आधी. तो हसला आणि हात हलवला.

पोखऱ्याबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी थोडक्यात आवरतो. फेवा तलाव संध्याकाळी पाहा, सारंगकोटला पहाटे जा. माछापुच्छ्रे शिखरावर पहिलं ऊन पडतं तेव्हा बोलणारी माणसं नको वाटतात. मला पोखऱ्यापेक्षा तानसेन आवडलं. डोंगरउतारावरचं जुनं गाव, दगडी चढ, ढाका कापडाची दुकानं. येताना तिथे मामांनी एक ढाका टोपी घेतली. दुकानदाराने बिल दिलं. मामांनी चष्मा लावला, तारीख वाचली, बोटांवर काहीतरी मोजलं आणि म्हणाले, "कार्तिक २५, म्हणजे आज १०. बरोबर." मग बिलाची घडी घालून खिशात ठेवली आणि टोपी डोक्यावर.

११ला सीमेवर भन्सारचा कागद दाखवून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घेतली. हेही विसरू नका, नाहीतर त्यांच्या वहीत तुमची गाडी नेपाळातच राहते. खिडकीबाहेर तोच फाइलवाला गुजरातच्या एका गाडीशी बोलत होता. दाजी खाली उतरून त्या गाडीकडे गेले.