कुंकवाचे पाचवे बोट

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवावेत, असे मुख्याध्यापकांचे पत्र यंदा चैत्राच्या अखेरीस हाती पडले. पत्र वाचताना पटांगणातला लिंब, प्रयोगशाळेमागची विहीर आणि पावसाळ्यात फळ्यापाशी उभ्या शिक्षकांचे बोलणे ऐकू न देणारे ते पत्र्याचे दोन वर्ग, हे सारे डोळ्यांपुढून गेले. परंतु लिहायला बसल्यावर लेखणी एकाच माणसापाशी जाऊन थांबली. त्यांचे नाव लिहिण्याची आवश्यकता नाही. आपल्या शाळेत शिक्षक पुष्कळ झाले, तरी नुसते 'सर' म्हटले की पांढरे धोतर, काळी टोपी आणि खिशाला अडकवलेले तांबड्या शाईचे पेन एवढेच प्रत्येकाला आठवावे, असे एकच होते.

मी सातवीत होतो तेव्हाची, म्हणजे १९७६ सालची ही गोष्ट आहे. त्या वर्षी पौषात माझे वडील गेले होते. वार्षिक परीक्षेच्या थोडे आधी सरांनी आम्हाला 'आमच्या घरची आखाजी' हा निबंध घातला. आखाजी म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, पितरांच्या नावाने पाण्याची घागर भरण्याचा सण. मी दोन पाने भरून लिहिले, पण त्यात खापरावरची पुरणपोळी, आमरस, सांजोऱ्या, कुरडया, माहेरी आलेल्या आत्यांचे लिंबाला बांधलेले झोके, गौराईची गाणी आणि गल्लोगल्ली रंगणारे पत्त्यांचे डाव याखेरीज काही नव्हते. सरांनी निबंधाखाली गुण दिलेच नाहीत. तांबड्या शाईने एवढेच लिहिले होते: 'घागर कोणाच्या नावाने भरता?'

दुसऱ्या दिवशी त्यांनी हाच प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला. बहुतेकांची गाडी आजोबांपाशी थांबली. एका मुलाने मात्र वंशावळ लिहून ठेवणाऱ्या भाटाच्या वहीतली सात पिढ्यांची नावे घडाघडा म्हणून दाखवली, तेव्हा सरांनी त्याला शाबासकी दिली आणि मग हळूच विचारले, 'यात बाया कुठे आहेत?' वर्ग हसला. सर हसले नाहीत. 'घरी जाऊन विचारा,' एवढेच ते म्हणाले आणि त्यांनी व्याकरणाचे पुस्तक उघडले.

त्या वर्षी आमच्या घरी वडिलांची पहिली आखाजी होती, म्हणून नेहमीच्या घागरीबरोबर डेरगंही, म्हणजे वर्षाच्या आत गेलेल्या माणसाच्या नावाचे मातीचे भांडेही, पुजायचे होते. पहाटे आईने उंबरा सारवला, तांबड्या घागरीत पाणी भरून तिच्या तोंडावर डांगर (खरबूज), आंबा आणि सांजोरी ठेवली, आणि उंबऱ्यावर कुंकवाची बोटे उमटवायला ती बसली. पहिले बोट वडिलांचे, मग आजोबांचे, आजीचे, पणजोबांचे. पाचवे बोट कुंकवात बुडवून ती क्षणभर थांबली. हे कोणाचे, असे मी विचारले. पणजीचे, असे ती म्हणाली. पणजीचे नाव काय, या माझ्या प्रश्नावर मात्र ती माझ्याकडे बघतच राहिली आणि म्हणाली, 'तिनं नाव कोनले ठाऊक?' घरात सगळे तिला मोठी माय म्हणत. लग्नाआधीचे नाव माहेरी राहिले आणि लग्नानंतरचे नाव घेणारे कोणी उरले नाही. एवढे सांगून आईने ते बोट उंबऱ्यावर टेकवले आणि ती आगारी टाकण्यासाठी, म्हणजे पितरांच्या नावाने विस्तवात घास द्यायला, चुलीकडे गेली.

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी हे सरांना सांगितले. आईला नाव सांगता आले नाही याची मला थोडी लाज वाटत होती. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'बोट उमटवलं ना आईनं? मग झालं. ज्यांची नावं आपल्याला ठाऊक आहेत तेवढेच आपले पितर, असं कोणी सांगितलं तुला? नाव विसरलं तरी पाणी विसरायचं नाही.'

त्यानंतरचा सबंध तास त्यांनी या एका सणावर घेतला. अक्षय म्हणजे ज्याचा क्षय होत नाही ते, हा अर्थ आम्हाला पाठ होता. पण क्षय होत नाही तो साठवलेल्या वस्तूचा नव्हे, दिलेल्या वस्तूचा, हे त्यांनी त्या दिवशी समजावून दिले. वैशाख शुद्ध तृतीयेला दान द्यायच्या पाण्याच्या घागरीला धर्मघट म्हणतात, दान देतानाच्या श्लोकात तिला ब्रह्मा, विष्णू आणि शिव यांचे रूप मानले आहे आणि या दानाने आमचे पितर, पितामह तृप्त होवोत अशी प्रार्थना केलेली आहे, हे सांगून त्यांनी विचारले की, अमळनेरला बोरी नदीचे पात्र कोरडे पडून त्यात संत सखाराम महाराजांच्या यात्रेची दुकाने लागतात, त्या दिवसांत पाण्याहून मोठे दान खानदेशात दुसरे कोणते असेल? आखाजीला पितरांपुढे ठेवल्याशिवाय आंबा तोंडाला लावायचा नाही, हा नियमही त्यांच्या मते निव्वळ सोवळ्याचा नव्हता. आपल्या आधी जे या झाडाखाली बसले त्यांना पहिला घास द्यावा आणि तोवर आपली जीभ आवरावी, एवढीच त्यातली साधना होती. आखाजीला सालदाराचे, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणाऱ्या शेतगड्याचे, साल संपते, हिशेब चुकता होतो आणि नवे साल ठरते. पितरांचा हिशेब मात्र असा चुकता करता येत नाही, म्हणून दरसाल घागर भरायची, असे ते म्हणाले. (पत्त्यांविषयी सर एक शब्द बोलले नाहीत. ते स्वतः उत्तम रमी खेळत, असे नंतर कळले.)

दर आखाजीला, सुटी असतानाही, सर शाळेत येत आणि फाटकाजवळच्या लिंबाखाली स्वतःच्या हाताने एक नवी घागर भरून ठेवत. जाणारा-येणारा कोणीही ते पाणी पिई. त्यांचे पाहून हळूहळू आमच्यापैकी काही जणांच्या घरच्या घागरीही पूजा आटोपल्यावर तेथे येऊ लागल्या, आणि मी दहावी झालो त्या १९७९ साली लिंबाखाली नऊ घागरी होत्या.

पुढे मी पाटबंधारे खात्यात लागलो आणि उपअभियंता म्हणून २०२१ साली निवृत्त झालो. नोकरीतली काही वर्षे गिरणा नदीच्या जामदा कालव्यावर गेली. पाणी आधी शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला पोहोचले पाहिजे, हा आग्रह मी धरला आणि त्यापायी अनेकांचे शिव्याशाप घेतले. तो आग्रह खात्याच्या नियमपुस्तकातही होता, पण माझ्या डोक्यात तो लिंबाखालूनच आला होता, हे येथे अभिमानाने नमूद करतो.

आता आखाजी म्हटले की वर्तमानपत्राचे पहिले पान सोन्याच्या जाहिरातींनी भरते. आमच्या फ्लॅटच्या दाराला लाकडी उंबरा नाही, ग्रॅनाइटची पट्टी आहे. तिच्यावर कुंकू धरत नाही आणि तासाभरात फरशी पुसणारी बाई ते पुसून टाकते. दुसऱ्या कोणाला दोष देण्याआधी हेही सांगितले पाहिजे की, शाळेला थंड पाण्याचे यंत्र देणारी तुकडी आमचीच. त्या वेळी आम्ही हार घातले, छायाचित्रे काढली. लिंबाखालच्या घागरी त्यानंतरच उठल्या, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नाही.

आई गेल्यापासून बोटे मी उमटवतो. ती आता सात झाली आहेत; पाचवे अजूनही पणजीचे आहे आणि सातवे सरांचे. यंदा माझ्या नातीने शेजारी बसून एकेका बोटाचे नाव विचारले. सातव्याशी आल्यावर मी तिला सरांची आणि त्यांच्या घागरीची हकिगत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, 'आजोबा, ते घागर कोणाच्या नावाने भरायचे?' सरांनी माझ्या निबंधाखाली लिहिलेला प्रश्न मी त्यांना स्वतःला कधीच विचारला नव्हता. ही स्मरणिका वाचणाऱ्यांपैकी कोणास ते ठाऊक असल्यास शाळेच्या पत्त्यावर अवश्य कळवावे.