मनगट बरं झालं, आता कंट्रोल हलवा

मनगटाचं दुखणं विश्रांतीनं थांबलं की बरेच प्रोग्रामर पुन्हा त्याच बटणांवर त्याच पद्धतीनं बोटं चालवू लागतात आणि दुखणं परत येतं. त्यासाठी लाडका एडिटर, म्हणजे कोड लिहायचं सॉफ्टवेअर, सोडायची गरज नाही, बटणांच्या जागा बदलायला हव्यात.

ईमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये सतत कंट्रोल हे बटण लागतं. एमआयटीतल्या लिस्प मशीन या जुन्या संगणकाच्या ‘स्पेस कॅडेट’ कीबोर्डवर तो स्पेसबारच्या बाजूला होता, अंगठ्याच्या टप्प्यात. आता तो खालच्या कोपऱ्यात गेलाय आणि सगळा भार करंगळीवर येतो. दुसरा जुना एडिटर व्हीआय, त्यात मोड बदलायला सतत एस्केप लागतं. प्रोग्रामर बिल जॉयनं तो लिहिला एडीएम-३ए टर्मिनलवर. तिथं एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. एडिटर नीटच बेतलेले होते, त्यांच्याखालचा कीबोर्ड बदलला.

म्हणून आधी कॅप्स लॉकचा कंट्रोल करा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, कीबोर्ड, कीबोर्ड शॉर्टकट्स, मॉडिफायर कीज. बाहेरून जोडलेल्या कीबोर्डसाठी हे वेगळं निवडावं लागतं. विंडोजवर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधला कीबोर्ड मॅनेजर, पण तो चालू असेपर्यंतच बदल टिकतो, लॉगिनच्या पडद्यावर नाही. लिनक्सच्या नोम डेस्कटॉपवर ट्वीक्स अॅपमध्ये हा पर्याय मिळतो. तरीही अक्षर आणि कंट्रोल एकाच हातानं दाबू नका. अक्षर डावीकडचं असेल तर उजवा कंट्रोल वापरा.

व्हीआयचा आजचा अवतार असलेल्या विममध्ये कंट्रोल आणि डावा चौकोनी कंस म्हणजेच एस्केप. कंट्रोल-सी नेमकं तेच करत नाही: इन्सर्ट मोड (मजकूर टाइप करायचा मोड) सोडताना आपोआप चालणाऱ्या आज्ञा, म्हणजे ऑटोकमांड, त्यात चालत नाहीत. ‘जे’ आणि ‘के’ लागोपाठ दाबण्याला एस्केप जोडलंत तर प्रत्येक ‘जे’नंतर विम पुढच्या बटणासाठी सेकंदभरापर्यंत थांबतो, म्हणून ही वेळ ठरवणारं टाइमआउटलेन १००० मिलिसेकंदांवरून ३०० वर आणा.

कीबोर्डचे मागचे पाय मिटवा, ते उघडे असले की मनगट वर वाकतं. मऊ रिस्ट रेस्ट थांबल्यावर हात टेकायला आहे, टाइप करताना नाही. नंबरपॅड नसलेला कीबोर्ड घेतला तर माउस जवळ येतो आणि खांद्यालाही आराम मिळतो.

मुंग्या कुठं येतात ते नीट पाहा. अंगठा, तर्जनी, मधलं बोट असेल तर बहुधा मनगटातली मीडियन नस दबलेली असते. करंगळी आणि अनामिकेची करंगळीकडची बाजू असेल तर अल्नर नस, आणि तिथं बरेचदा टेबलाच्या कडेवर टेकलेलं कोपर कारण असतं; कंट्रोल हलवून ते सुटणार नाही. रात्री बधिरपणानं जाग येऊ लागली किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या तर सेटिंग्ज बाजूला ठेवून ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. नस कुठं दबली आहे ते नर्व्ह कंडक्शन टेस्टमधून कळू शकतं.