ड्रंक ड्रायव्हिंगची केस आणि ते दोन तास

रात्री पावणेदोनला हवालदार एका पंचविशीतल्या पोराला कॅज्युअल्टीत घेऊन आले. त्याने कारने एका बाईकवाल्याला उडवलेलं, तो बाईकवाला आमच्याकडेच पलीकडच्या बेडवर होता, मांडीचं हाड मोडलेलं. पोरगा मशीनमध्ये नीट फुंकतच नव्हता म्हणून रक्त काढायला आणलं होतं. अटक साडेबाराची, म्हणजे सव्वा तास आधीच गेलेला.

आता हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 202 प्रमाणे कलम 185 मध्ये, म्हणजे दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल, अटक केल्यावर दोन तासांत मेडिकल झालं नाही तर माणसाला सोडून द्यावं लागतं. शिवाय रक्तातलं अल्कोहोल तासाला साधारण 15 मिलिग्रॅमने उतरत राहतं आणि कायद्याची लिमिट आहे 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम, म्हणजे गाडी ठोकताना 50 असलेला माणूस दीड तास इकडेतिकडे करत काढला की कागदावर साफ सुटतो.

आणि नातेवाईकांना नेमकं हेच पाहिजे असतं. वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरगा घाबरलाय हो, आधी एक सलाईन लावा, मग काढा काय काढायचं ते." सलाईनने दारू उतरत नाही, लिव्हर त्याच्या स्पीडनेच काम करतं, पण त्या नावाखाली अर्धा तास आरामात जातो. मग काका पुढे आले, "नुसतं लिहा ना, वास येतोय पण नशेत नाही." का, तर नुसत्या वासावर 185 टिकत नाही, आकडा लागतो. मी सरळ नाही म्हटलं.

सिस्टरने सवयीने स्पिरिटचा बोळा उचलला, तो खाली ठेवायला लावला, कारण स्पिरिट म्हणजे पण अल्कोहोलच, उद्या कोर्टात सगळं सॅम्पल त्यावरूनच उडवतील. साबणाच्या पाण्याने हात पुसून घेतला, रक्त फ्लोराईडच्या बाटलीत, त्यात ते टिकतं, सील लावलं, हवालदारांची सही घेतली, एमएलसी म्हणजे पोलीस केसच्या रजिस्टरला वेळ टाकली 1:58.

वडील जाताना म्हणाले, "पहिलीच वेळ आहे, दहा हजारच दंड ना, भरून टाकू." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. पहिल्या वेळेलाही दहा हजार किंवा सहा महिने कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, दुसऱ्या वेळेला पंधरा हजार किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि माणूस जखमी केल्याचं कलम वेगळंच. तो माणूस दहा फुटांवर कण्हत होता, त्याची एकानेही चौकशी केली नाही!

लॅबचा रिपोर्ट 62 आला. कोर्टात त्यांच्या वकिलांनी मला दोनच गोष्टी फिरवून फिरवून विचारल्या, स्पिरिट वापरलं का आणि सॅम्पल किती वाजता घेतलं, दोन्हीची उत्तरं रजिस्टरमध्ये होती. केस अजून चालू आहे, पुढच्या तारखेला बाईकवाल्याची साक्ष आहे.