लानद्विन बेटावरची मागणी

२५ जानेवारी म्हणजे वेल्समध्ये सेंट द्विनवेनचा दिवस, तिथला प्रेमाचा दिवस. २०२४ साली तो गुरुवारी आला. वायव्य वेल्समधल्या अँगलसी या मोठ्या बेटाच्या नैऋत्य टोकाला लानद्विन हे छोटं बेट आहे. तिथे एका वेल्श मुलाला मैत्रिणीला लग्नाचं विचारायचं होतं आणि तिला पत्ता न लागू देता त्याचे फोटो हवे होते. द्विनवेन ही पाचव्या शतकातल्या राजा ब्रिखानची मुलगी. माइलोन या प्रियकराशी तिचं जमलं नाही, तो गोठून बर्फ झाला. तिने तीन वर मागितले: माइलोन पुन्हा माणसात यावा, खऱ्या प्रेमिकांचं भलं व्हावं आणि आपल्यावर कधी लग्नाची वेळ येऊ नये. मग ती या बेटावर येऊन राहिली, अशी आख्यायिका. योगायोगाने त्याच दिवशी पौष पौर्णिमा होती. आपल्याकडे पौषात लग्नाची बोलणीसुद्धा पुढे ढकलतात; इथे मी पौषात मागणी टिपायला निघालो होतो.

पौर्णिमेचा खरा संबंध पाण्याशी. एरवी हे बेट वाळूने जमिनीला जोडलेलं असतं, पण उधाणाची मोठी भरती आली की वाट पाण्याखाली जाते. मुलाला सूर्योदय हवा होता. जानेवारीत इथे सूर्य सव्वाआठला उगवतो आणि त्या दिवशीची भरती दहाच्या आसपास होती. फोटो आटोपून निघेपर्यंत परतीच्या वाटेवर पाणी, वर थंडी. भरती-ओहोटीचं कोष्टक पुढे ठेवल्यावर त्याला पटलं. ओहोटी चारच्या सुमारास आणि सूर्यास्त पावणेपाचला, म्हणजे दुपार अगदी जमून येत होती. या दिवसांत भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून १८ अंशांच्या वर जात नाही. उजेड दिवसभर तिरपाच असतो, त्यामुळे पहाटेचा हट्ट धरण्यात अर्थ नसतो.

आठवडाभरात ईशा आणि जोसेलिन ही दोन वादळं येऊन गेली होती. आभाळ भरलेलं होतं, वारा नैऋत्येचा. न्यूबरोच्या किनाऱ्यावरच्या वाहनतळापासून बेटाच्या टोकावरच्या तूर मौर दीपस्तंभापर्यंत वाळूतून चालायला चाळीसेक मिनिटं लागतात. मी त्यांच्या तासभर आधी निघालो. दोन कॅमेरे, एकाला लांबचं टिपणारी ७०-२०० लेन्स, दुसऱ्याला जवळचं टिपणारी ३५. उडत्या वाळूत लेन्स बदलायची नाही, म्हणून दोन. काचेवर खारे शिंतोडे आले की आधी फुंकणीने वाळू उडवायची, मग ओलसर कापडाने पुसायचं. कोरडं फडकं फिरवलं की वाळूचे कण चरे पाडतात. ड्रोनचा विषय मी आधीच बंद केला होता. हे राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्र आहे, परवानगीशिवाय तिथे ते चालत नाही.

ठरलं होतं ते असं. दीपस्तंभाच्या खाली, समुद्राकडे पाठ न करता, वारा दोघांच्या तोंडावर येईल असं उभं राहायचं, नाहीतर तिचे केस चेहऱ्यावर येतात. माझ्यापासून लांबचा गुडघा टेकायचा. तिने हो म्हटलं तरी लगेच उठायचं नाही, दहा आकडे मोजायचे. माणसं झटकन मिठी मारतात आणि फोटोत दोन पाठीच उरतात. मोबाइलच्या रेंजचा भरवसा नाही, म्हणून खूण टोपीची: टोपी काढली की आता विचारणार.

अंगठी डबीत नव्हती. त्याने सिकमोर झाडाच्या लाकडाच्या एकाच तुकड्यातून लव्ह स्पून कोरून घेतला होता. हा लाकडी चमचा प्रेमाची भेट म्हणून देण्याची वेल्समध्ये जुनी चाल; कार्डिफजवळच्या सेंट फेगन्स संग्रहालयात १६६७ सालचा चमचा आहे. चमच्याच्या दांड्याला त्याने सुती दोऱ्याने अंगठी बांधली होती. सुटगाठ मार असं मी बजावलं होतं. सुती दोरा भिजला की फुगतो आणि गाठ आवळते.

अशा कामात मी ठरलेल्या जागी दबा धरून बसत नाही. जिच्यासाठी बेत रचलेला असतो तिला तो ठाऊक नसतो, ती कुठेही वळू शकते. बेटावरच्या दोन क्रॉसजवळच्या उंचवट्यावरून बरीचशी पायवाट दिसते, म्हणून मी तिथे थांबलो, गळ्यात दुर्बीण, पक्षी बघणाऱ्यांसारखा. ती वळलीच. पायवाट सोडून खडकांतल्या द्विनवेनच्या विहिरीकडे निघाली. जुनी समजूत अशी की पाण्यावर ब्रेडचा चुरा टाकायचा, वर रुमाल पसरायचा; विहिरीतल्या ईलने, म्हणजे सापासारख्या लांब माशाने, रुमाल हलवला तर जोडीदार एकनिष्ठ. बाईसाहेबांनी चुरा घरून आणला होता.

मी खालच्या अंगाने वळसा घेतला आणि साठेक मीटरवर खडकाआड बसलो. शटर सायलेंट, म्हणजे आवाज नाही. मागे उजळ समुद्र होता, चेहरे काळवंडू नयेत म्हणून एक्स्पोजर थोडं वर. ती रुमालावर वाकलेली असताना मागे टोपी उतरली. ती वळली तेव्हा तो ओल्या शेवाळावर गुडघा टेकून चमचा पुढे धरून होता. लांबचा नव्हे, जवळचाच गुडघा. पण त्या उतारावर दुसरा टेकायला जागाच नव्हती.

ती हो म्हणाली आणि गाठ अडली. हातमोजे काढले, बोटं गारठून लाल, दोरा शिंतोड्यांनी भिजलेला. तो नखाने उकरतोय, गाठ जास्तच बसतेय. शेवटी तिने चमचा तोंडाशी नेला आणि दोरा दातांनी तोडला. अंगठी निसटू नये म्हणून त्याने दोन्ही हातांची ओंजळ खाली धरली होती. थंडीत बोटं बारीक होतात, अंगठी सैल बसते, म्हणून ती घातल्यावर वरून हातमोजा चढवायला सांगितलं. खडकाच्या फटीत गेली असती तर मिळणं कठीण.

सूर्यास्त ढगांत गेला. तरी त्यानंतर अर्धा-पाऊण तास निळसर उजेड टिकतो. त्यात दीपस्तंभापाशी आधीच्या बेताप्रमाणे वीसेक मिनिटं काढली; दूरवर एरीरीचे (स्नोडोनियाचे) डोंगर थोडेसे उघडले होते. डोक्याला टॉर्च बांधून परतलो. निवडीत दोघांनी मोठ्या प्रिंटसाठी दातांचा फोटो घेतला. मुलाने वेगळं एक मागितलं: रुमालाचा फोटो पूर्ण मोठा करून, कडा हललेली दिसते का ते बघायला. हललेली दिसत होती. वारा ताशी तीसेक मैलांचा होता, हेही मी त्याला सांगितलं.