डॉ. गॅस्टन आणि चार महिन्यांची मुदत

रविवार, रात्री उशिरा

गेले काही दिवस अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ डॉ. मॅरिलिन ह्यूज गॅस्टन यांच्याविषयी मिळेल ते वाचते आहे. विदर्भात बालरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे मूल ओपीडीत आले नाही असा आठवडा सहसा जात नाही. या मुलांच्या आईवडिलांना आम्ही दिवसातून दोनदा पेनिसिलीन द्यायला सांगतो, पण तो सल्ला कोणाच्या कष्टातून आला, हे आमच्या पाठ्यपुस्तकांनी एका ओळीत उरकले आहे.

गॅस्टन यांचा जन्म १९३९ साली अमेरिकेतील ओहायो राज्यात, सिनसिनाटी येथे झाला. वडील वेटर, आई वैद्यकीय कार्यालयात सचिव, राहणे गरिबांसाठीच्या सरकारी वसाहतीत. त्या लहान असताना आई एके दिवशी घरातच चक्कर येऊन कोसळली. तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग होता आणि विमा नसल्यामुळे उपचार झालेले नव्हते. आपण डॉक्टर व्हायचे हे मुलीने तेव्हाच ठरवले. मात्र गरीब, कृष्णवर्णीय आणि त्यातून मुलगी, म्हणून वैद्यकीय शिक्षणाचा नाद सोडण्याचाच सल्ला तिला मिळत राहिला. तिने आधी प्राणिशास्त्राची पदवी घेतली, मग एका डॉक्टरांच्या प्रोत्साहनाने वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळवला आणि १९६४ साली ती सिनसिनाटी विद्यापीठातून डॉक्टर झाली. त्या वर्गात ती एकटीच कृष्णवर्णीय विद्यार्थिनी होती.

त्याच वर्षी फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटलमध्ये इंटर्नशिप करताना हात सुजलेले एक तान्हे बाळ त्यांच्याकडे आले. पडल्याची वा मार लागल्याची कोणतीही खूण नव्हती. वरिष्ठ निवासी डॉक्टरांनी सिकलसेलसाठी रक्त तपासायला सांगितले. गॅस्टन यांच्या मनात ती शंका आलेलीच नव्हती. बाळाला सिकलसेल होता आणि हाताच्या सुजेमागे गंभीर जंतुसंसर्ग होता. या आजाराविषयी आपल्याला किती कमी शिकवले गेले आहे, हे त्यांना तेव्हा जाणवले आणि पुढची अनेक वर्षे त्यांनी याच विषयाला दिली.

या आजारात वेळ हीच खरी अडचण असते. जन्मतः बाळाच्या रक्तात गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठ्या प्रमाणात असते आणि त्यामुळे तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होत नाहीत. नवजात बालकांत अशा पेशी फारच कमी दिसतात हे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी १९४८ सालीच नोंदवले होते. पहिल्या काही महिन्यांत हे संरक्षण ओसरत जाते, विळ्यासारख्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकू लागतात आणि प्लीहा, म्हणजे पाणथरी, हळूहळू निकामी होते. रक्तातील न्यूमोकोकस जंतू गाळून काढण्याचे काम तिचेच असल्यामुळे वरवर निरोगी दिसणारे मूल सकाळी तापले तर रात्रीपर्यंत दगावू शकते. निदान होण्याआधीच मृत्यू गाठतो, असा हा प्रकार आहे. गॅस्टन यांच्या अभ्यासाच्या काळी उपलब्ध असलेली न्यूमोकोकसविरोधी लस दोन वर्षांखालच्या मुलांत नीट काम करत नसे, म्हणजे धोका सर्वाधिक असतानाच ती निरुपयोगी ठरत होती.

सिनसिनाटीत परतल्यावर गॅस्टन यांनी बालरोगशास्त्राचे प्रशिक्षण पूर्ण केले, लिंकन हाइट्स या कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील आरोग्य केंद्र चालवले आणि १९७२ साली सिकलसेलचे सर्वंकष उपचार केंद्र उभारण्यात पुढाकार घेतला. १९७६ पासून त्या अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या सिकलसेल शाखेत काम करू लागल्या. ज्या अभ्यासामुळे त्यांचे नाव राहिले, तो तिथलाच आहे. तीन महिने ते तीन वर्षे वयोगटातील २१५ मुले, २३ केंद्रे. १०५ मुलांना दिवसातून दोनदा १२५ मिलिग्रॅम पेनिसिलीन आणि ११० मुलांना तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. पेनिसिलीन घेणाऱ्यांपैकी दोघांना न्यूमोकोकसचा गंभीर संसर्ग झाला, दुसऱ्या गटात तेरा जणांना; त्या दुसऱ्या गटातील तीन मुले दगावली, पहिल्या गटातील एकही नाही. संसर्गातील घट ८४ टक्के होती. फरक इतका स्पष्ट झाला की अभ्यास नियोजित मुदतीच्या आठ महिने आधीच थांबवून सर्वांना औषध सुरू करण्यात आले. निष्कर्ष १९८६ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले.

ती तीन मुले माझ्या मनातून जात नाहीत. अभ्यासाशिवाय शंभर टक्के खात्री होणार नव्हती आणि खात्रीशिवाय देशभर कोणी औषध दिले नसते, हे कळते. तरी निबंधातील तो तक्ता मला एका दमात वाचता येत नाही.

औषध तसे जुनेच होते, स्वस्तही होते. मला मोठे वाटते ते निष्कर्षाचे शेवटचे वाक्य: पेनिसिलीन चार महिन्यांच्या आत सुरू व्हायला हवे, म्हणून निदान जन्माच्या वेळीच व्हायला हवे. एका गोळीच्या परीक्षेतून त्यांनी सरकारपुढे प्रत्येक नवजात बालकाच्या रक्ततपासणीचा प्रश्न ठेवला. १९८७ साली राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या तज्ज्ञ परिषदेने तशी शिफारस केली आणि २००६ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांत ही तपासणी लागू झाली.

पुढे १९९० साली त्या अमेरिकी सरकारच्या प्राथमिक आरोग्यसेवा विभागाच्या संचालक झाल्या. असे पद सांभाळणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला होत्या. आमच्यातले काही जण अशा वळणाला ‘संशोधन सोडले’ म्हणतात. मला ते पटत नाही. विमा नसलेल्या आईची मुलगी विमा नसलेल्या लाखो लोकांच्या दवाखान्यांची व्यवस्था पाहू लागली, यात सोडण्यासारखे काय आहे? पेनिसिलीनची गोळी घरापर्यंत पोहोचवणारे केंद्रच नसेल, तर निबंध कपाटातच राहतो.

आणि इथे आपल्याकडचा हिशेब मांडावाच लागतो. मध्य भारतातील सिकलसेलविषयी नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी ‘लॅन्सेट’मध्ये १९५८ सालीच लिहिले होते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नंदुरबार या जिल्ह्यांना हा आजार नवा नाही. आपल्या मुलांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन बरेचदा अधिक टिकते आणि त्यामुळे आजार आफ्रिकन वंशाच्या मुलांपेक्षा पुष्कळदा सौम्य दिसतो, म्हणून अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लावता येत नाहीत हे मान्य आहे. पण सौम्य हा शब्द आम्ही जरा सैलपणेच वापरतो. पाणथरी वाढून, अंगात रक्त नसलेले मूल रात्री वॉर्डात येते, तेव्हा त्या शब्दाचा उपयोग नसतो.

१ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. काम मोठे आहे आणि विवाहापूर्वी वाहक (स्वतःला आजार नसला तरी तो मुलांत जाऊ शकतो असे लोक) ओळखण्यासाठी ते हवेच. मात्र गावोगावी केली जाणारी साधी विद्राव्यता चाचणी सहा महिन्यांखालील बाळात भरवशाची नसते, कारण तिथेही गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन आड येते. तान्ह्या बाळासाठी टाचेतून थेंबभर रक्त घेऊन ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारे एचपीएलसी यंत्र असलेल्या प्रयोगशाळेकडे पाठवावे लागते आणि अहवाल बाळ चार महिन्यांचे होण्याआधी आईच्या हाती पडावा लागतो. आई वाहक असल्याचे गरोदरपणातच कळलेले असेल, तर किमान त्या बाळांपासून सुरुवात करता येते. पुढच्या आठवड्यात प्रसूती विभागाच्या परिचारिकांशी आणि आशाताईंशी याबद्दल बोलायचे आहे. वाहक मातांची यादी आणि त्यांच्या प्रसूतीच्या तारखा आधी एका वहीत आणाव्यात, असे सध्या ठरवले आहे.