पोटापाण्याची चित्रं आणि बाकीची

चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला कधीकाळी ‘ए’ ग्रेड मिळवलेली आणि आता नोकरीला लागलेली मुलं-मुली मला अधूनमधून मेसेज करतात. कुणी हिंजवडीत आयटीत आहे, कुणी बँकेत, एक जण तर औषधांच्या कंपनीसाठी गावोगाव फिरतो. प्रश्न साधारण सारखाच असतो. ताई, सुचणं बंद झालं की तुम्ही काय करता? आणि त्याच्या आड दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो बहुतेक जण चौथ्या-पाचव्या मेसेजला विचारतात: नोकरी सोडली तर सुचेल का?

मी काही नावाजलेली चित्रकार नाही. ठाण्यात राहते, दहावी-बारावीच्या गाइडांसाठी जीवशास्त्राच्या आकृत्या काढते. नेफ्रॉन, हृदयाचा उभा छेद, जास्वंदीचं फूल, वनस्पतीपेशी-प्राणीपेशी शेजारी शेजारी. सकाळी त्या कामाला बसायच्या आधी जलरंगात माझी स्वतःची चित्रं करते. हे बरीच वर्षं चाललंय आणि बंद पडलेलं नाही, एवढ्याच भांडवलावर बोलतेय.

तर माझं उत्तर: नोकरीला इतक्या लवकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करू नका.

आमच्या ठाण्याचेच म्हणून आधी चित्रकार सुधीर पटवर्धन आठवतात. पुण्याच्या एएफएमसीतून, म्हणजे लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून, डॉक्टर झाले, रेडिओलॉजिस्ट म्हणून 2005 पर्यंत प्रॅक्टिस केली. चित्रकलेच्या कॉलेजात गेलेच नाहीत. दिवसभर एक्स-रे बघायचे, उरलेल्या वेळात रंगवायचे, आणि हे दोन-चार वर्षं नाही, तीस वर्षं. 2019 च्या अखेरीस मुंबईच्या एनजीएमएत, म्हणजे आधुनिक कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयात, त्यांचं सिंहावलोकन प्रदर्शन भरलं होतं. तिथल्या त्या गोल गोल चढत जाणाऱ्या मजल्यांवरून फिरताना मला सारखं वाटत होतं की ही माणसं कुणीतरी फार जवळून बघितलेली आहेत. इराण्याच्या हॉटेलातली, लोकलमधली, रस्त्यावर उभी असलेली. त्यांचे खांदे, पोटं, हातांचं जडपण. मॉडेलला तासाचे पैसे देऊन समोर बसवलं की माणूस असा बसत नाही. दवाखान्याच्या बाकावर नंबर यायची वाट बघताना बसतो. आता दवाखान्यामुळेच ती चित्रं तशी झाली असं म्हणणं फारच सोपं होईल, आणि त्यांच्या वतीने मी बोलणंही बरं नाही. पण दिवसभर स्टुडिओत कोंडून घेतलेल्या चित्रकाराच्या वाट्याला इतकी माणसं आली असती का, ही शंका मला आहे.

दुसरे चित्रकार प्रभाकर बरवे. अलिबागजवळच्या नागावचे, मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेले. सरकारच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटरमध्ये नोकरी, आधी बनारसला, नंतर मुंबईला. हातमागाच्या कापडासाठी डिझाइन करून देणं हे तिथलं काम. त्या केंद्राचा इतिहास कुणीतरी मराठीत नीट लिहायला हवा. चित्रकार अंबादास तिथे होते. भास्कर कुळकर्णीही त्याच केंद्राचे. ते सत्तरच्या दशकात डहाणूकडच्या वारली पाड्यांवर गेले आणि त्यातून गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची चित्रं बाहेरच्या जगापुढे आली. मशेंची गोष्ट तर आणखी वेगळी. भिंतीवर लग्नाचा चौक लिहायचं, म्हणजे चित्र काढायचं, काम परंपरेने सवाशिणींचं, आणि तेही लग्नापुरतं. हा माणूस लग्नकार्य नसतानाही रोज काढत बसायचा. शेणाने सारवल्यासारखा कागद किंवा कापड, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग, टोक ठेचलेली बांबूची काडी. साहित्य म्हणाल तर एवढंच.

पण बरव्यांकडे परत येते, कारण त्यांच्याकडून मी एक गोष्ट सरळ उचलली आहे. ते डायऱ्या लिहायचे. त्यात विचार, छोटी रेखाटनं, पुढच्या चित्राच्या कल्पना, सगळं एकत्र. ‘कोरा कॅनव्हास’ हे 1990 चं त्यांचं पुस्तक वाचताना जाणवतं की हा माणूस रिकाम्या जागेबद्दलही शांतपणे, हिशेबनीस लिहितो तसं लिहितो. त्यांच्या चित्रांत घड्याळ असतं, पान असतं, एखादं फळ, अक्षरं. रंग बरेचदा इनॅमल, म्हणजे आपण दारं-खिडक्यांना लावतो त्या जातीचा. काही भव्यदिव्य सुचावं लागत नाही. समोरच्या वस्तूकडे बघून डायरीत दोन ओळी आणि काड्यापेटीएवढं चित्र काढायचं. माझ्या वह्या शंभर पानी, स्टेशनरीच्या दुकानातल्या, आखीव. मुद्दामच आखीव घेते. आखीव पानावर कुणी ‘चित्र’ काढत नाही, त्यामुळे हात घाबरत नाही.

हाच नियम मी कागदालाही लावते. नवी मुलं पहिला पगार झाला की परदेशी कॉटन पेपरचा पॅड घेतात आणि मग वर्षभर तो पॅड कपाटात जपून ठेवतात. ब्रश चांगला घ्या, एकच घ्या, पण राउंड आणि टोक धरणारा घ्या. कागद मात्र असा असावा की फाडून फेकताना जिवाला चटका लागणार नाही. माझी सकाळची अर्धी कामं आकृत्यांच्या जुन्या प्रिंटच्या पाठीवर होतात. त्यावर वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, नीट बसत नाही, कागद फुगतो, हे मान्य. पण बिघडलं तर बिघडलं.

मुद्द्याकडे येते. आकृत्यांनी मला चित्र शिकवलं असं म्हटलं की लोकांना विनय वाटतो. विनय नाही. जास्वंदीचा उभा छेद घ्या. खरं फूल ब्लेडने चिरून समोर ठेवलं तर काय दिसतं? बुळबुळीत, चुरगळलेलं, परागकणांनी बरबटलेलं काहीतरी. त्यातून मुलाला दिसायला हवी पुंकेसरांची नळी, तिच्या आतून जाणारा कुक्षीवृंत, वर डोकावणाऱ्या पाच कुक्षी, खाली अंडाशय. पाकळ्या दोनच दाखवायच्या, त्याही अर्ध्या, नाहीतर आतलं झाकलं जातं. नावं देणाऱ्या रेघा एकमेकींना छेदता कामा नयेत, शक्यतो सगळ्या उजवीकडे. थोडक्यात, दिवसभर मी काय काढायचं नाही ते ठरवत असते.

आता सकाळी तलावपाळीला बसले की तेच. मासुंदा तलाव, पलीकडे कौपिनेश्वर मंदिराच्या बाजूची गर्दी, नावा, भेळवाल्यांच्या बंद गाड्या, फेरी मारणारी माणसं. पहिला वॉश ओला असेतो हातात काही मिनिटं असतात, पावसाळ्यात जरा जास्त, मे महिन्यात जवळजवळ नाहीच. तेवढ्यात ठरवावं लागतं की कुठला कागद पांढराच सोडायचा. पाण्यावरची चकाकी रंगवता येत नाही, राखून ठेवावी लागते, आणि एकदा तिथे रंग गेला की गेला. मी पूर्वी सगळं काढायची. झाडाचं पान न् पान. छेद काढून काढून तो हव्यास गेला. हे मला कुठल्याही वर्कशॉपमध्ये मिळालं नसतं, आणि मी वर्कशॉप बरेच केलेत.

असं असलं तरी नोकरीचे पोवाडे गायचा इरादा नाही. एका प्रकाशकाने माझे पैसे इतके रखडवले की मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला, आणि वर ‘मॅडम, तेवढे फेरबदल त्याच रकमेत करून द्या ना’ असा फोन आला. शिवाय माझ्यासारखं ज्यांचं पोटापाण्याचं कामही चित्राचंच आहे त्यांना एक वेगळा धोका असतो: हात आखडतो. मार्च ते मे हा आमचा हंगाम, जूनला शाळा उघडायच्या आत पुस्तकं बाजारात हवीत. त्या महिन्यांत माझी रेघ तारेसारखी ताठ होते. ब्रश उचलला तरी नेफ्रॉनच निघतो. मग मी रंगवतच नाही. रिक्षाच्या रांगेत, डॉक्टरकडे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये बॉलपेनने माणसं काढते, तीही न बघता काढल्यासारखी. त्याला मी ब्लॉक वगैरे म्हणत नाही. हंगाम म्हणते. शेतकऱ्याला कुणी मे महिन्यात विचारतं का, की पीक का दिसत नाही?

व्यंगचित्रकार वसंत सरवटे पेशाने इंजिनिअर होते, एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी करायचे. ‘ललित’ मासिकात जयवंत दळवींच्या ठणठणपाळ या सदरासाठी त्यांनी काढलेला ठणठणपाळ आणि त्या मासिकाच्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघत आमची पिढी वाढली. त्या मुखपृष्ठांवर लेखकांची अख्खी जत्रा असते, आणि कुठला लेखक कुठल्या कोपऱ्यात काय करतोय ते शोधण्यात आमच्या घरी दुपार जायची. ऑफिसातून दमून येणाऱ्या माणसाला एवढी गंमत सुचत होती! ऑफिसातून येत होता म्हणूनच सुचत असेल का, असं मला वाटतं, पण हे सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही.

याच्या अगदी उलट टोकाला चित्रकार वासुदेव गायतोंडे. जन्म नागपूरचा, शिक्षण जे.जे.तलं, सत्तरच्या दशकात दिल्लीला निजामुद्दीनमध्ये एका बरसातीत, म्हणजे गच्चीवरच्या खोलीत, जाऊन राहिले. वर्षाकाठी मोजके कॅनव्हास, बाकी वेळ नुसतं बसणं, ऐकणं, बघणं. रोलरने आणि नाइफने रंगाचे थर चढवायचे आणि उतरवायचे. गायतोंड्यांचं नाव घेऊन ‘मी सध्या काही करत नाही, आत मुरू देतोय’ म्हणणारे मला भेटतात तेव्हा हसू येतं. त्यांचं बसणं हे काम होतं, आपलं बहुधा रील बघणं असतं. पण त्यांच्याबद्दलची मला जास्त भिडणारी गोष्ट नंतरची आहे. 1984 च्या सुमाराला अपघातात मानेला इजा झाली, मोठ्या कॅनव्हासवर काम करणं अशक्य झालं, आणि त्यांनी कागदावर लहान लहान रेखाटनं केली. मोठं जमत नाही तर लहान. माझी स्वतःची मान स्पॉन्डिलायटिसची झाल्यापासून मी ते कागद पुन्हा पुन्हा बघते. माझं चित्र आता वहीच्या पानापेक्षा मोठं होत नाही, आणि मला त्याचं फारसं दुःख उरलेलं नाही.

तर बँकेतल्या त्या मुलाला मी लिहिलं: अरे, राजीनामा देऊ नकोस. जहांगीर आर्ट गॅलरीचं बुकिंग मिळायलाच काही वर्षं लागतात, तोवर हप्ते कोण भरणार? काउंटरच्या पलीकडे पेन्शनच्या दिवशी जी आजी-आजोबांची रांग लागते, पासबुकं छातीशी धरून, ती काढ. फोटो काढून नको, लोकांना आवडत नाही आणि बँकेत चालतही नसेल. लक्षात ठेव आणि लंच टाइममध्ये काढ. त्याने त्यावर अंगठा पाठवला. पुढे काढलं का ते कळवलेलं नाही.

ज्यांना नुसतं वाचून भागत नाही त्यांच्यासाठी: रविवारी सकाळी आम्ही काही जण तलावपाळीला बसतो, ऊन चढेपर्यंत. शिकवत कुणीच कुणाला नाही. स्वतःचं पाणी आणि बसायला काहीतरी आणा, दगडी कट्टा सकाळी ओला असतो. चहा आम्ही पाजू. मार्च ते मे मी नसेन, बाकीचे असतील.