सावजीचा वास आणि दादाची तलफ

आज दादासोबत नागपूरच्या महाल भागातून येत होते. सावजी भोजनालयापुढे तर्रीचा वास आला आणि तो जागीच थबकला. कपाळावर घाम, नजर पलीकडच्या बारकडे. तिथूनच त्याने एएमधल्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आधारगट) मित्राला फोन लावला. खूप अभिमान वाटला मला त्याचा.

घरी आई म्हणाली, "काऊन रे बाप्पा, सोडली ना त्यानं? मग आता कायची तलफ?"

आई, मेंदूने तो वास, ते मित्र, शनिवारची संध्याकाळ आणि दारू वर्षानुवर्षं एकत्र बांधून ठेवलेत. यात मनाचा कमकुवतपणा नाही, हा आजार आहे. राग, एकटेपणा, जागरण यांनीही तलफ उसळते. बहुतेकदा थोड्या वेळात ओसरते. तेवढा वेळ सोबत हवी. समुपदेशन आहे, तलफ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनसारख्या गोळ्या आहेत, पण त्या डॉक्टरांनीच द्यायच्या.

शेजारपाजारचे वरणात कालवायची पुडी सुचवतात, ती मात्र कृपा करून नको! तिच्यात डायसल्फिराम हे दारूसोबत तीव्र त्रास घडवणारं औषध असू शकतं. ते नकळत दिलं आणि माणूस दारू प्यायला, तर जीवावर बेतू शकतं. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकदम तोडू नका, झटके येऊ शकतात. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. घरच्यांनीही फोन केला तर चालतो.